गाय कायम एकच बाजू का धरते, आणि ते कधी तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. दोन ओळींचं पार्लर, म्हणजे यंत्राने दूध काढायची जागा, मधे दूध काढणाऱ्यांचा खड्डा. चौथ्या वेताची एक गाय रोज डाव्या ओळीतच शिरते. जबरदस्तीने उजवीकडे घातली तर पान्हा सोडत नाही आणि कप लाथाडते. दुसरी गाय आठ महिन्यांची गाभण आहे, ती बसली की डाव्या कुशीवर. शिवाय तीन कालवडी डावीकडून जवळ गेलं की बुजतात, उजवीकडून गेलं तर उभ्या राहतात. हा दोष आहे का, आजार आहे का, आणि ही सवय मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

हे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. पार्लरमध्ये सवय आणि जागा यांचा खेळ असतो, बसण्यात पोटाच्या रचनेचा, आणि बुजण्यात डोळा आणि मेंदू यांचा. म्हणून एकच उत्तर देऊन भागणार नाही. पण या तिन्हींत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो: कधीपासून? पहिल्या वेतापासून डावीकडे जाणारी गाय मला अजिबात काळजीत टाकत नाही. तीच गाय गेल्या आठवड्यापासून अचानक उजवीकडे जायला लागली, तर मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघतो. बाजू कोणती याला फारसा अर्थ नसतो, ती बदलली याला बहुतेक वेळा असतो.

काही गोष्टी तुमच्या गोठ्यावर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. जनावरं बांधलेली आहेत की मोकळी, दार कोणत्या ओळीला जवळ आहे, जमिनीला उतार आहे का, पाण्याची टाकी कुठे आहे, धार काढणारा माणूस रोज तोच असतो का, यांतली एखादी साधी गोष्ट गायीच्या आवडीसारखी दिसू शकते. दार डावीकडे उघडत असेल आणि अर्धा कळप डावीकडे वळत असेल, तर ती पसंती गायीची नाही, दाराची आहे.

कालवडींपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं तिथेच आहे.

गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ ३३० अंशांचा पट्टा दिसतो. फक्त शेपटीमागचा भाग आणि नाकासमोरचा अगदी जवळचा तुकडा सुटतो. दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा भाग समोरचा, तोही अरुंद. म्हणजे दिवसातला बराच वेळ ती एका बाजूचं जग एका डोळ्याने बघत असते. त्यात गुरं, मेंढ्या, घोडे यांच्या डोळ्यातून निघणाऱ्या नसेचे ८० टक्क्यांहून अधिक तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. डाव्या डोळ्याने पाहिलेलं मुख्यतः उजव्या मेंदूत पोचतं, उजव्याने पाहिलेलं डाव्या मेंदूत. आणि या दोन अर्धगोलांनी कामं थोडी वाटून घेतलेली आहेत. अनोळखी गोष्ट, धोका, पळ काढणं, कळपातल्या सोबत्यांना ओळखणं याकडे उजव्या मेंदूचा कल जास्त. ओळखीच्या गोष्टी, ठरलेली कामं, शिकलेला क्रम याकडे डाव्याचा.

गायींमध्ये हे अँड्र्यू रॉबिन्स आणि क्लाइव्ह फिलिप्स यांनी दाखवलं. त्यांचा शोधनिबंध २०१० सालचा. पुढे चालणाऱ्या कळपाच्या मधून एक माणूस नवी, अनोळखी वस्तू घेऊन गेला की गायी त्याला आपल्या डाव्या हाताला ठेवून जायच्या, म्हणजे डाव्या डोळ्याने बघत. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून ओळखीची झाली, तेव्हा कल उजव्या डोळ्याकडे गेला. माझ्या मते या अभ्यासातला हा दुसरा भाग गोठ्यासाठी जास्त मोलाचा आहे. गाय कोणत्या डोळ्याने बघते यावरून ती वस्तू तिला अजून नवी वाटते की सरावाची झाली, याचा अंदाज येतो.

हे तुम्हाला स्वतः बघता येईल. गायींच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर बरोबर मधोमध त्यांनी कधी न पाहिलेली बादली उपडी ठेवा आणि बाजूला दूर उभे राहा. पहिली गाय थबकेल, मान खाली घालेल, जोराने श्वास ओढेल. मग तोंड कुठे वळतं ते बघा. तोंड थोडं उजवीकडे गेलं तर ती डाव्या डोळ्याने बघते आहे. इथे बरेच जण फसतात. गायीने मान उजवीकडे फिरवली की त्यांना वाटतं ती उजवीकडे बघते आहे, पण समोरच्या बादलीपुढे आलेला असतो डावा डोळा. बादलीला वळसा घालतानाही ती उजवीकडून गेली तर बादली तिच्या डाव्या हाताला राहते. सगळ्या गायी असं करणार नाहीत. हा कळपाचा सरासरी कल आहे, प्रत्येक गायीला लागू होणारा नियम नाही.

मेंढ्यांमध्ये चित्र असंच आहे. कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढ्या इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवतात, आणि चेहरे ओळखण्यात उजव्या मेंदूचा वाटा मोठा असतो. दुसऱ्या एका प्रयोगात मेंढी आणि तिचा कळप यांच्यामध्ये अडसर ठेवला, तेव्हा उजवीकडून वळसा घालून कळप गाठण्याकडे कल दिसला, आणि आईकडे जाणाऱ्या कोकरांमध्ये तो अधिक ठळक होता. उजवीकडून गेलं की सोबती डाव्या डोळ्यात राहतात. पिल्लांबद्दल २०१७ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. घोडे, रेनडिअर, कांगारू आणि काही सागरी सस्तन प्राणी धरून ११ जातींमध्ये असं आढळलं की आईच्या मागे जाणारं पिल्लू शक्यतो आईला आपल्या डाव्या बाजूला ठेवतं. डावा डोळा म्हणजे फक्त भीतीचा डोळा असं समजू नका. ज्यावर लक्ष ठेवणं गरजेचं आहे, मग तो धोका असो की आई, ते त्या बाजूला येतं.

आता तुमच्या कालवडी. डावीकडून जवळ आलेल्या माणसाची माहिती आधी सावध मेंदूकडे जाते, म्हणून त्या बाजूने बुजणं अपेक्षितच आहे. घोड्यांवर असा प्रयोग झालाय. माणूस छत्री उघडत जवळ आला, तेव्हा डावीकडून आल्यावर घोडे सरासरीने जास्त दूर पळाले. तरीही मी लगेच 'हा मेंदूचा परिणाम' असं म्हणून सोडून देत नाही. आधी एक साधा प्रश्न: तुम्ही सुई कोणत्या बाजूने टोचता? बहुतेक गोठ्यांत खोड्याची, म्हणजे जनावर अडकवून धरायच्या चौकटीची, मोकळी बाजू एकच असते. लसीकरण, कानातला बिल्ला, जंताचं औषध, सगळं त्याच बाजूने होतं. कालवडीच्या लहानपणापासूनच्या प्रत्येक दुखऱ्या आठवणीत माणूस एकाच बाजूने आलेला असेल, तर तिने त्या बाजूला घाबरावं यात नवल नाही. मला तीन कालवडी एकाच पद्धतीने बुजताना दिसल्या की पहिला संशय खोड्यावर जातो.

दुसरी तपासणी डोळ्याची. तिन्हींना एकदम नजरेचा त्रास असण्याची शक्यता कमी, पण एखादीला असू शकतो आणि बाकीच्या दोघी तिच्या पळण्याने पळत असतील. डोळ्यातून पाणी वाहतंय का, बुबुळावर पांढुरका डाग आहे का, पापणी अर्धी मिटलेली आहे का ते उजेडात बघा. मग कापसाचा छोटा बोळा तिच्या डोळ्यासमोरून, अंगाला न लागता, खाली पडू द्या. चांगल्या डोळ्याची कालवड तो नजरेने टिपते. हाताने वारा घालून तपासू नका, वाऱ्याच्या झुळुकीनेही पापणी मिटते आणि नजर आहे असं वाटतं. डावीकडचं न दिसणारी कालवड माणूस जवळ आल्यावरच दचकते, तर दिसणारी आणि घाबरणारी त्याला लांबूनच बघून सरकायला लागते. लांबूनच सरकत असेल तर डोळा बहुधा ठीक आहे.

हे दोन्ही निस्तरलं की शिकवणीला लागा. अनेक जण सोपा मार्ग म्हणून कायम उजवीकडूनच जातात. मला ते पटत नाही. कालवड व्यायल्यावर कोणत्या ओळीत उभी राहील, अडलं तर कुठून हात घालावा लागेल, हे आज ठरवता येत नाही. म्हणून डावीकडूनच सुरुवात करा, पण लांबून. ती मान वर करेल तिथे थांबा. बोलत राहा, आवाज नेहमीचा ठेवा. मान खाली आली, कान सैल झाले, की एक पाऊल मागे या आणि निघून जा. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. खांद्याची रेषा लक्षात ठेवा: खांद्याच्या मागे उभं राहिलात तर ती पुढे चालते, खांद्याच्या पुढे आलात तर मागे सरते. तिला जागेवर ठेवायचं असेल तर खांद्याच्या रोखाने जा, शेपटीमागून कधीच नको. डावीकडून अंगाला हात लावू दिला की तेच सगळं उजवीकडून करा. खरारा दोन्ही बाजूंनी, सुईसुद्धा आलटून पालटून.

उजवीकडून पुन्हा का करायचं, असं तुम्हाला वाटेल. एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्याला कळतच नाही, अशी घोडेवाल्यांमध्ये जुनी समजूत आहे. ती खरी नाही. एक डोळा झाकून शिकवलेल्या घोड्यांनी दुसऱ्या डोळ्याने तीच निवड बरोबर केल्याचं तपासून झालंय. मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. पण चित्र ओळखणं वेगळं आणि त्या बाजूने माणूस अंगाला भिडल्यावर शांत राहणं वेगळं. कायम डावीकडूनच हाताळलेला घोडा उजवीकडून खोगीर चढवताना बिथरतो तो यामुळेच.

आता पार्लरमधली गाय. दोन ओळी मोकळ्या ठेवल्या तर बऱ्याच गायी एक ओळ धरून राहतात, हे अनेक गोठ्यांत पद्धतशीर नोंदी करून दिसलंय. मात्र कोणी डावी धरते, कोणी उजवी, आणि काहींना काहीच फरक पडत नाही. ही वैयक्तिक सवय असते, आणि तिचा दुधाच्या एकूण उत्पादनाशी ठोस संबंध काही जुळत नाही. त्यामुळे अमुक ओळीची गाय जास्त दूध देते असं मानून गायी ठेवू नका किंवा विकू नका.

एका गोष्टीचा मात्र मी विचार करतो. मधे खड्डा असलेल्या पार्लरमध्ये डाव्या ओळीतल्या गायीच्या उजव्या हाताला खड्डा येतो. म्हणजे माणसं तिला उजव्या डोळ्याने दिसतात आणि हात उजव्या बाजूने कासेकडे येतो. उजव्या ओळीत सगळं उलटं. तुमच्या गायीने चार वेतं एकाच बाजूने हात लावून घेतलाय. तिला अचानक दुसरीकडे घातलं की जागा, डोळा, हात, शेजारीण सगळंच एकदम बदलतं. घाबरलेल्या गायीच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ते पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. पान्हा न सोडणं हा तिचा हट्ट नाही. ते तिच्या हातातच नाही.

शेजारणीचा मुद्दाही घाईत सोडू नका. गायी एकेकट्या आत येत नाहीत, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या मैत्रिणींबरोबर येतात. कळपातली दांडगी गाय उजव्या ओळीत उभी राहत असेल, तर भित्र्या गायी डावी ओळ धरतात. दिसायला ती बाजूची आवड, मुळात ती एका गायीपासून पळवाट.

सवय मोडावी का? चौथ्या वेताच्या गायीची नको. डाव्या ओळीत जागा मिळत असेल तर जाऊ द्या, तिला ढकलण्यात जो वेळ आणि दूध जाईल ते परत मिळत नाही. कालवडींना मात्र व्यायच्या आधी काही आठवडे दोन्ही ओळींतून रिकामं फिरवा, थोडा खुराक द्या, कासेला हात लावा. पुढे कधी एक ओळ बंद ठेवावी लागली तर तुमचा गोठा अडणार नाही.

बाजू बदलणाऱ्या गायीचं एक उदाहरण देतो. एका गोठ्यात कायम डावीकडे जाणारी गाय एकाएकी उजवी ओळ धरायला लागली. भूक बरी, दूध थोडंसं कमी, ताप नाही, कास मऊ. चालताना लंगडणं डोळ्यांना दिसत नव्हतं. पण डाव्या ओळीच्या तोंडाशी, जिथे वळून पायरी चढावी लागत होती, तिथे ती उजवा मागचा पाय टेकून पटकन उचलायची. खुर धुऊन बाहेरच्या नखीचा तळवा हलका खरवडला, तर आत रक्ताळलेला चट्टा आणि दाबल्यावर दुखणारी जखम. निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढला. जखम भरत आली तशी ती आपणहून डाव्या ओळीत परतली. लंगडायला लागायच्या आधीच तिने ओळ बदलली होती. म्हणून बाजू बदलली की मी क्रमाने खुर, कासेचे सड, डोळा बघतो, मग जागा: ओळीच्या तोंडाशी निसरडं झालंय का, नवी सावली किंवा चकाकी पडते का, फाटक अंगाला घासतं का, लोखंडी दांड्यात वीज उतरते का. विजेचं काम जाणकाराकडूनच तपासून घ्या. माणसाला जाणवत नाही इतका बारीक झटकाही ओल्या जमिनीवर उभ्या गायीला जाणवतो.

गाभण गायीबद्दल थोडक्यात सांगता येईल. गायीचं कोटीपोट, म्हणजे चार पोटांपैकी सगळ्यात मोठं पोट, डाव्या बाजूला असतं, वाढलेलं गर्भाशय त्यामुळे उजवीकडे सरकतं. शेवटच्या महिन्यांत बऱ्याच गायी डाव्या कुशीवर जास्त बसतात, आणि तुमची आठ महिन्यांची गाभण गाय तेच करते आहे. एरवी गाय दिवसातले दहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ बसते, मधेमधे उठून कूस बदलते, आणि दोन्ही कुशींचा हिशेब साधारण सारखा पडतो. जमिनीला उतार असेल तर तो बिघडतो, कारण तिला पाय उताराकडे सोडून बसायला आवडतं.

सतत डोळा ठेवता येत नसेल तर मांड्या बघा. एका मांडीवर आणि नितंबावर शेणाचे सुकलेले पोपडे, केस दाबून बसलेले, आणि दुसरी बाजू स्वच्छ, असं दिसलं तर गाय खरंच एकाच कुशीवर बसते आहे. गाभण नसलेल्या किंवा व्यायलेल्या गायीत असं दिसलं तर ज्या बाजूवर ती बसत नाही ती बाजू हाताने चाचपा: घोट्याची सूज, कासेचा गरम भाग, खुर. व्यायल्यानंतर पहिल्या महिन्यात गाय खुराक टाकत असेल आणि दूध घसरत असेल, तर डॉक्टरांना बोलवा. चौथं पोट डावीकडे सरकण्याचा आजार याच काळात सगळ्यात जास्त होतो. डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून टिचकी मारली की धातूसारखा घणघणीत आवाज येतो, त्यावरून तो ओळखतात. डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागचा खळगा, फुगून ताठ झाली असेल तर ती पोटफुगी, आणि तिथे वाट बघत बसायचं नाही. गाय आडवी पडून फुगत असेल तर डॉक्टर येईपर्यंत तिला छातीवर बसती ठेवा, आडवं राहिल्यावर तिला ढेकर देता येत नाही.

शेवटची गोष्ट नोंदीची. 'नेहमी डावीकडे' हे आठवणीवर ठरवू नका. गाय नाणेफेक केल्यासारखी बाजू निवडत असती, तरी १० वेळांपैकी ७ किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता ३४ टक्के आहे. म्हणजे १० नोंदींवर निकाल दिलात तर आवड नसलेल्या दर तीन गायींमागे एक तुम्हाला उगाच 'एका बाजूची' वाटेल. दोन आठवडे, दोन्ही वेळच्या दुधाला, फळ्यावर गायीच्या नंबरापुढे 'डा' किंवा 'उ' लिहा. २८ पैकी २१ किंवा जास्त वेळा एकच बाजू आली तर ती आवड खरी धरा, निव्वळ योगायोगाने असं शंभरात एखाद-दुसऱ्या वेळीच होतं. लिहिताना गायीला स्वतः निवडू द्या. एक ओळ भरल्यामुळे दुसरीत गेली असेल तर ती नोंद गाळा.

हा फळा भरला की मला तीन गोष्टी कळवा: दाराला कोणती ओळ जवळ आहे, त्या गायीच्या आधी आणि नंतर कोण आत येतं, आणि खोड्याची उघडी बाजू कोणती. कालवडींचं काम त्यासाठी थांबवू नका, ते उद्यापासून सुरू करा.